शिंका आणि धाप: पैसा आधी कुठे घालावा?

ऊसतोड सुरू झाली की कागल परिसरात शेतातलं पाचट पेटतं, गुऱ्हाळं धुमसू लागतात आणि कित्येक घरांत सकाळच्या शिंकांपाठोपाठ रात्रीची धाप सुरू होते. नाक आणि फुप्फुसं ही एकाच श्वासमार्गाची दोन टोकं. म्हणूनच ॲलर्जीची सर्दी असणाऱ्याला दम्याचा धोका जास्त असतो आणि दम्याच्या बहुतेक रुग्णांचं नाकही त्रास देतं. ॲलर्जी असते ती अंथरुणातल्या धूलिकिड्यांची, पावसाळी भिंतीवरच्या बुरशीची, परागकणांची. आधीच सुजलेल्या श्वासनळ्यांना धूर आणखी चिथावतो.

पुढचे खासगी दर ढोबळ आहेत, दवाखान्यागणिक बदलतील.

पहिला खर्च स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून करायच्या श्वासचाचणीचा, साधारण ५०० ते १,५०० रुपये. औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर फुंकायला लावतात; आकुंचलेली नळी किती मोकळी होते ते कळतं. ॲलर्जीची त्वचाचाचणी काही हजारांत जाते, रक्ताचं मोठं पॅनेल त्याहून महाग. पहिल्याच भेटीत या चाचण्या करू नका. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ आलेली प्रत्येक गोष्ट दम्याला कारण असतेच असं नाही, आणि अशा कागदावरून मुलांचं दूध-अंडं बंद करणं तर घातकच.

खरी चूक औषधात होते. साल्ब्युटामॉलचा २०० फवाऱ्यांचा पंप दीड-दोनशे रुपयांत मिळतो, लगेच बरं वाटतं, म्हणून तेवढाच घेतला जातो. तो नळी उघडतो, सूज उतरवत नाही. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा रोजचा पंप अडीचशे ते सहाशेचा, पंपाला जोडायचा स्पेसर तीन-चारशेचा, नाकाचा स्टेरॉइड फवारा दोन-चारशेचा. पंपातलं स्टेरॉइड अगदी थोडं असतं आणि थेट फुप्फुसात जातं. त्याची सवय लागत नाही. हा पंप घेतल्यावर चूळ मात्र भरा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्त मिळतात का, ते आधी विचारा.

आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. कागलच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करा, पुढे कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखल रुग्णांसाठी आहे, महिन्याच्या पंपाला तिचा उपयोग नाही.

वर्षात साल्ब्युटामॉलचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही. रिकामे पंप पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि रोजच्या पंपाबद्दल स्पष्ट विचारा.