साच्यांचं डिझाइन आणि गेमिंग : प्रोसेसर कोणता?

प्रश्न : मी खडोलीत प्लास्टिकच्या साच्यांचं डिझाइन करतो, रात्री गेम खेळतो. रायझन ७ ७८००एक्स३डी घेऊ की रायझन ९ ७९५०एक्स?

उत्तर : संगणक नेमका कुठे रखडतो, ते आधी पाहा. मॉडेलमध्ये बदल केल्यावर ते पुन्हा तयार होताना बहुतेक भार एकाच कोअरवर पडतो. तिथे ७९५०एक्सचे १६ कोअर बरेचसे रिकामेच बसतात. रेंडरिंगला मात्र ते सगळे जुंपले जातात आणि ७८००एक्स३डीचे ८ मागे पडतात. गेममध्ये चित्र उलटं : ७८००एक्स३डीची ९६ एमबी एल३ कॅशे बाजी मारते, दुसऱ्याकडे ६४ आहे. शिवाय १२० वॉटविरुद्ध १७०, म्हणजे ७९५०एक्सला कूलरही तगडा हवा. रेंडरिंग रोजचं नसेल, तर ७८००एक्स३डीच घ्या आणि उरलेले पैसे रॅममध्ये घाला. सॉकेट दोन्हींचं एएम५च आहे. काम वाढलं तर चांगल्या मदरबोर्डवर नुसता प्रोसेसर बदलता येईल.