गळती नेमकी कोठे? : एका जुन्या मोटारीच्या इंजेक्टरांची परीक्षा

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने अभ्यासलेख मागितला तेव्हा आमच्याही मनात एखादा शिलालेख किंवा जुनी सनद असाच विषय होता. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या निवासी शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो आज पुण्यात जुन्या विदेशी मोटारींच्या दुरुस्तीचे काम करतो, त्याचा आम्हांस दूरध्वनी आला. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आम्ही त्याच्याकडून जे शिकलो, तेच येथे मांडावे असे ठरविले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज यंत्रांशी निगडित कामे करतात. पालकांपैकीही अनेकांच्या घरी ट्रॅक्टर, टेम्पो, दुचाकी आहेच. त्यांना हा विषय परका वाटू नये.

त्याच्यापुढे उभी होती १९७४ सालची मर्सिडीझ-बेन्झ २८० एसई. तक्रार अशी की, सकाळी थंड असताना गाडी एका झटक्यात सुरू होई. पण चालवून गरम झाल्यावर बंद केली आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करू गेले, की स्टार्टर नुसता फिरत राही. शेवटी इंजिन कसेबसे पेट घेई आणि मागून काळ्या धुराचा लोट निघे. बॉनेटखाली पेट्रोलचा वास होता. गाडीमालकांनी मनाशी निदान करूनच टाकले होते : इंजेक्टर गळतात, सहाच्या सहा बदला. परदेशातून मागवावयाच्या सहा इंजेक्टरांची जी किंमत त्याने सांगितली, तेवढ्यात आमच्या शाळेतील एका वर्गाची सर्व बाके नवी झाली असती.

"सर, बदलून टाकू का?" त्याने विचारले.

यंत्रातले आम्हांस काही कळत नव्हते. म्हणून वर्गात जो प्रश्न आम्ही पंचवीस वर्षे विचारीत आलो तोच विचारला : "इंजेक्टरच गळतात, हे तू कशावरून म्हणतोस?" पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग तो म्हणाला, "सर, वासावरून." वास हा पुरावा खरा, पण तो पेट्रोल बाहेर येत आहे एवढेच सांगतो, कोठून येत आहे हे सांगत नाही.

पुढे जाण्यापूर्वी इंजेक्टर हा प्रकार मोटारीत आला कसा, हे थोडक्यात पाहू. पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर असे. इंजिन हवा ओढून घेई आणि त्या हवेच्या ओढीबरोबर पेट्रोल आपोआप खेचले जाई. याउलट पेट्रोल दाबाने, मोजून, फवारून द्यावे ही कल्पना विमानांच्या इंजिनांत आधी रुजली. १९५४ साली मर्सिडीझ-बेन्झच्या ३०० एसएल या गाडीत बॉशने बनविलेला यांत्रिक पंप थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारू लागला. या गाडीची एक खोड प्रसिद्ध आहे. किल्ली बंद केल्यावरही इंजिनाची चाके थांबेपर्यंत पंप पेट्रोल टाकीतच राही. ते न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरे. म्हणून तिचे ऑइल फार लवकर बदलावे लागे. ही खोड वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती कामास येणार आहे.

विजेवर उघडझाप करणारा इंजेक्टर प्रथम बाजारात आणण्याचा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७-५८ च्या सुमारास केला. इलेक्ट्रोजेक्टर हे त्याचे नाव. तो टिकला नाही. क्रायस्लरने तो बसविलेल्या मोजक्या गाड्यांपैकी बहुतेकांना नंतर पुन्हा कार्ब्युरेटर लावून देण्यात आले. कल्पना मात्र मेली नाही. बॉशने बेंडिक्सच्या एकस्वांचा परवाना घेऊन त्याच वाटेने काम पुढे नेले आणि १९६७ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्ये 'डी-जेट्रॉनिक' ही पद्धत आली. 'डी' हे अक्षर दाब या अर्थाच्या 'द्रुक' या जर्मन शब्दावरून घेतलेले आहे, कारण इंजिन किती हवा घेत आहे हे ही पद्धत हवेच्या मार्गातील दाबावरून ओळखते. धुराविषयीचे अमेरिकेतील कायदे कडक होऊ लागले नसते, तर हा खर्चिक प्रकार इतक्या लवकर आला असता असे आम्हांस वाटत नाही.

आपल्याकडे बॉशचे नाव पुष्कळांच्या परिचयाचे आहे ते 'मायको' या नावाने. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांची नोझले व इंजेक्टर बनतात. त्यामुळे ट्रॅक्टरचे नोझल तपासून आणणे हे गावोगावच्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. पेट्रोलचा इंजेक्टर त्याचाच दूरचा भाऊबंद, परंतु स्वभावाने पुष्कळ नाजूक.

त्याची रचना पाहू. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याच्या मध्यभागी लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला सुई. स्प्रिंग त्या सुईला खालच्या बैठकीवर दाबून धरते. वेटोळ्यातून वीज गेली की सुई उचलली जाते. किती? एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! तेही एका सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरते. तेवढ्यात पेट्रोलचा बारीक फवारा सुटतो आणि सुई पुन्हा बैठकीवर येते. नळीत सुमारे २ बार दाब कायम असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो याच्या दशांशाइतकाच असे. बैठकीवर किटण बसले, गंजाचा कण अडकला किंवा धातू झिजला, की सुई पूर्ण मिटत नाही आणि पेट्रोल झिरपत राहते.

ही झाली आतली गळती. बाहेरची गळती वेगळी आणि अधिक भयंकर. त्या काळच्या इंजेक्टरांना सामाईक नळीशी जोडणारा रबरी नळीचा एक आखूड तुकडा असतो, त्याच्या बुडाशी धातूची वाटी आवळलेली असते. पन्नास वर्षांत ते रबर कडक होऊन तडकते. त्यात आज आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या पट्ट्यातील आपल्या लोकांना त्याचा लाभ असेलही, परंतु त्या जुन्या रबराची घडण या मिश्रणासाठी नव्हती. दोन बार दाबाखालची नळी गरम इंजिनावर फुटली तर पेट्रोलची चिळकांडी उडते, आणि मग गाडी वाचविण्याची गोष्ट राहत नाही, माणसाने बाहेर पडण्याची गोष्ट उरते.

आता प्रश्न होता गरम असतानाच गाडी सुरू का होत नाही हा. इंजिन बंद केल्यावर नळीतला दाब काही काळ टिकणे आवश्यक असते. दाब असेल तर तापलेल्या नळीतही पेट्रोल द्रवरूप राहते. दाब गेला तर त्याची वाफ होते आणि पंप त्या वाफेशी झगडत बसतो. शिवाय जे पेट्रोल झिरपले ते हवेच्या मार्गात साचून मिश्रण अतिशय दाट करते, प्लग भिजतात, म्हणून तो काळा धूर. पण दाब जाण्याच्या वाटा चार आहेत : पंपातील एकमार्गी झडप, दाब राखणारा नियंत्रक, थंडीत सुरुवातीला जादा पेट्रोल देणारी स्वतंत्र झडप आणि इंजेक्टर. लक्षण एक आणि आरोपी चार! याआधी एका ठिकाणी या गाडीचा पंप बदलून झालेलाच होता, हे विशेष.

त्याने काम सुरू केले ते उघड्या अंगणात. अग्निशामक नळकांडे हाताशी, आसपास विडी-सिगारेट नाही, उघडा दिवा नाही, सांडलेले पेट्रोल धरायला धातूचे भांडे. नळीत दाबमापक जोडला. या पद्धतीत किल्ली फिरविली की पंप एक-दोन सेकंदच चालून थांबतो, म्हणून रिलेच्या जागी जोडतार लावून त्याने पंप चालविला. काटा २ बारवर गेला. पंप बंद केला आणि हातातील घड्याळ पाहत बसला. दाब हळूहळू उतरणे स्वाभाविक असते. येथे मात्र दहा मिनिटांत काटा अर्ध्या बारच्या खाली आला.

मग परतीची नळी गोल जबड्याच्या चिमट्याने दाबून धरून तीच चाचणी केली. काटा तसाच पडला, म्हणजे नियंत्रक निर्दोष. पंपाकडून येणारी नळीही दाबली. तरीही पडला, म्हणजे पंपाची झडप निर्दोष. (साध्या पकडीने जुनी नळी दाबू नये, ती तेथेच चिरते, असे त्याने आम्हांस बजावून सांगितले.) ज्या पंपासाठी मालकांनी पैसे मोजले होते तो जुनाही बहुधा ठीक असावा. उरले दोन आरोपी. थंडीची झडप बाहेर काढून, तिचे टोक पुसून, दाबाखाली पाहिली : कोरडी.

शेवटी सहाही इंजेक्टर सामाईक नळीसकट बाहेर काढले. विजेच्या जोडण्या काढून ठेवल्या, म्हणजे सुया उघडण्याचा प्रश्न नाही. टोके कोरडी पुसली, प्रत्येकाखाली एकेक काचेची बाटली धरली आणि पंप चालविला. एका मिनिटात एखाददुसरा थेंब आला तर तो क्षम्य मानतात. पहिला, दुसरा, चौथा, सहावा कोरडे राहिले. तिसऱ्याच्या टोकाला थेंब धरू लागला, मिनिटात पाच पडले. पाचव्यातून तर धारच लागली. आणि दुसरा, ज्याचे टोक स्वच्छ होते, त्याची रबरी नळी धातूच्या वाटीपाशी घामासारखी ओली झाली. बॉनेटखालचा वास होता तो त्याचा! सर्वांत धोकादायक इंजेक्टर तोच ठरला, आणि आतून तो पूर्णपणे निर्दोष होता.

ही सर्व टाचणे त्याने वहीत वेळेसह लिहिली आणि त्या पानाचे छायाचित्र आम्हांस पाठविले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद पाहिल्यावर होतो तो आनंद आम्हांस झाला, हे कबूल करतो.

यानंतरचे काम पुष्कळ सरळ होते. सहाही इंजेक्टर चाचणी-यंत्र असलेल्या एका दुकानात नेऊन ध्वनिकंपनाच्या पात्रात धुतले, तोंडाशी असणाऱ्या बारीक जाळ्या बदलल्या. येथे एक सूचना आवश्यक आहे. या इंजेक्टरांच्या वेटोळ्याचा रोध २ ते ३ ओहम इतकाच असतो आणि गाडीत त्यांच्या वाटेवर वेगळे रोधक बसविलेले असतात. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावून 'टिकटिक वाजतो का' हे पाहण्याची सवय अनेक कारागिरांना आहे. त्यात चांगले वेटोळे जळून जाते, आणि पेट्रोलाजवळ ठिणगी पडली तर त्याहून वाईट. धुतल्यावर तिसऱ्याचे थेंब थांबले. पाचवा सुधारला नाही. त्याची बैठकच झिजली होती. म्हणजे सहाऐवजी एक इंजेक्टर नवा. तो त्याच क्रमांकाचा, त्याच रोधाचा घेतला आणि सहाही जणांचा फवारा मोजपात्रात शेजारी शेजारी मोजला. त्यांच्यात पाच टक्क्यांपेक्षा अधिक फरक असता तर इंजिन लंगडले असते.

रबरी नळ्या मात्र सहाही बदलल्या, याबाबत त्याने तडजोड केली नाही. जुनी नळी सुरीने आडवी कापली तर खालच्या पितळी खाचांवर ओरखडा उठतो आणि नवी नळी तेथेच झिरपते. म्हणून इंजेक्टर पूर्ण कोरडा झाल्यावर ती लांबीच्या दिशेने जपून उकलावी लागते. नवी नळी इंजेक्शनच्या दाबासाठी बनविलेलीच हवी. कार्ब्युरेटरची नळी दिसायला तशीच आणि स्वस्त असते, परंतु हा मोह जिवावर बेतणारा आहे. क्लिपही गुळगुळीत काठाची, जी रबरात रुतत नाही. बैठकीच्या रबरी कड्या नव्या, त्यांना बोटभर स्वच्छ ऑइल लावून बसविल्या. मग इंजिन सुरू न करता केवळ पंप चालवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहिला.

एक गोष्ट तरीही राहिली होती. मालक अभिमानाने सांगत असत की, गाडी एवढी जुनी असूनही ऑइलचा थेंब खात नाही. उलट पातळी थोडी वरच असते. आमच्या विद्यार्थ्याने डिपस्टिक काढून नाकाशी धरली. पेट्रोल! ३०० एसएलची ती जुनी खोड येथे वेगळ्या वाटेने आली होती. झिरपलेले पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरत होते आणि पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन फिरत होते. आणखी काही महिने गेले असते तर बेअरिंगे गेली असती. ऑइल व फिल्टर त्याच दिवशी बदलले.

हिशेबाच्या वेळी थोडी कुरबुर झाली. इंजेक्टर एकच बदलला, मग दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे कशाचे, असे मालकांचे म्हणणे. सुटा भाग हातात दिसतो, त्याचे पैसे लोक देतात. शोधण्याचे श्रम दिसत नाहीत. त्याने वही उघडून पुढे ठेवली आणि वाचलेल्या पाच इंजेक्टरांची किंमत कागदावर मांडून दाखविली. पैसे मिळाले.

दुरुस्तीनंतरच्या चाचणीत वीस मिनिटांनी काटा दीड बारवर होता. तो निकामी पाचवा इंजेक्टर मालकांच्या संमतीने त्याने उभा कापून, सुई व बैठक दिसेल अशा रीतीने आमच्याकडे पाठविला आहे. शाळेच्या विज्ञान कक्षात, खिडकीजवळच्या कपाटात तो ठेवला असून शेजारी भिंग आहे. समारंभास येणाऱ्यांनी अवश्य पाहावा. बैठकीवरील झीज भिंगाशिवाय दिसत नाही.