एच.आय.व्ही. चाचणी : सक्ती की संमती?

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. गेल्या बाजाराच्या दिवशी सोयगावजवळच्या खेड्यातले एक शेतकरी आले. मुलीचे लग्न ठरले आहे, मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला आहे. इकडेतिकडे पाहून, आवाज खाली करून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सरकार सगळ्या मोठ्या माणसांची ती एड्सची तपासणी सक्तीची का करीत नाही? मुलीच्या बापाच्या जिवाला घोर तरी राहणार नाही."

प्रश्न बापाच्या काळजातून आला होता. आपल्याकडे असंख्य स्त्रियांना ही लागण लग्नानंतर, नवऱ्याकडूनच झाली आहे. त्यामुळे या प्रश्नाला हसून चालणार नाही. पण सक्तीने हा घोर मिटतो का, ते पाहू.

माझी एक चूक

१९९८ साली माझी प्रॅक्टिस नवीन होती. एक ट्रक ड्रायव्हर महिनाभराचा ताप घेऊन आला. वजन झपाट्याने उतरले होते. मला संशय आला. त्याला न सांगता, न विचारता मी इतर तपासण्यांबरोबर ही तपासणीही करून घेतली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बाहेर पेशंटची रांग होती. मी त्याला पाच मिनिटांत सगळे सांगून मोकळा झालो. तो उठला, पैसे टेबलावर ठेवले आणि गेला. पुन्हा आलाच नाही.

दीड वर्षाने त्याची बायको कडेवर तान्हे मूल घेऊन आली. तिलाही लागण झाली होती आणि नवऱ्याच्या रिपोर्टबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हते. म्हणजे चाचणी झाली होती, रिपोर्टही खरा होता, पण त्याचा उपयोग कोणालाच झाला नाही. त्या दिवशी त्याला विश्वासात घेतले असते, निरोध वापरायला सांगून बायकोसह पुन्हा बोलावले असते, तर कदाचित ती वाचली असती. चाचणीचा अर्थ केवळ सुई टोचणे नव्हे, हे मी त्या बाईकडून शिकलो.

गोव्यात काय घडले?

सक्तीचा कडू अनुभव गोव्याने घेतला आहे. डॉमिनिक डिसोझा हा म्हापशाकडचा तरुण नियमित रक्तदान करीत असे. १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला होता, आणि तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळे कोंडून ठेवण्याची तरतूद होती. गुन्हा काहीच नसताना त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवले. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयाने कायदा वैध ठरवला. डॉमिनिक १९९२ मध्ये वारला. त्याआधी त्याने बाधितांसाठी संस्था उभारण्याचे काम हाती घेतले होते.

आता विचार करा. रक्त द्यायला गेलेल्या माणसाला पोलीस नेतात असे गावभर झाले, तर ज्याला मनातून शंका आहे तो तपासणीला येईल की लांब पळेल?

अमेरिकेचा हिशेब

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ पासून लग्नाआधी ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची चाचणी झाली आणि बाधित निघाले अवघे ८. खर्च लाखो डॉलरचा झाला. लग्नाचे परवाने मात्र पाचव्या हिश्शाहून अधिक घटले, कारण अनेक जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करू लागली. १९८९ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला.

चाचणीच्या मर्यादा

लागण झाल्यावर लगेच चाचणीत दिसत नाही. नेहमीच्या चाचणीत ती दिसायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणजे लग्नाच्या आठ दिवस आधी आणलेला कागद जन्मभराची हमी नव्हे.

उलटीही चूक होते. समजा, दहा हजार लोकांत २० जण खरे बाधित आहेत आणि चाचणी दर दोनशे निरोगी माणसांमागे एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तर सुमारे ५० निरोगी माणसांवर तो शिक्का बसेल. म्हणूनच पहिल्या चाचणीवर विसंबून न राहता वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच निदान पक्के करतात. सरसकट सक्तीच्या घाईत ही काळजी कोण घेणार?

कायदा काय सांगतो?

एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. नोकरी, शिक्षण किंवा उपचारासाठी चाचणीची अट घालता येत नाही. रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. मात्र बाधित व्यक्ती समजावूनही जोडीदाराला सांगत नसेल आणि जोडीदाराला धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक ठराविक पद्धतीने त्याला कल्पना देऊ शकतात. रक्तपेढीत दान केलेल्या रक्ताची तपासणी मात्र अनिवार्यच आहे, कारण ते रक्त दुसऱ्याच्या शरीरात जायचे असते.

मग करावे काय?

१) वधू आणि वर दोघांनी राजीखुशीने शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तेथे चाचणी मोफत असते. अलीकडच्या तीन महिन्यांत धोका घडला असेल तर पुन्हा चाचणी करावी.

२) प्रत्येक गरोदर स्त्रीने सुरुवातीलाच चाचणी करून घ्यावी. उपचार नसेल तर बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, वेळेवर औषध घेतल्यास तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो.

३) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर खचू नये. ए.आर.टी. औषधे एप्रिल २००४ पासून सरकारतर्फे मोफत मिळू लागली. आपल्या जिल्ह्यात घाटी रुग्णालयात हे उपचार मिळतात. गोळ्या रोज नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

४) विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करावा.

हे सगळे त्या शेतकऱ्यांना सांगून मी म्हणालो, "मुलाबरोबर मुलीलाही पाठवा."

ते चमकलेच. "माझ्या मुलीची कशाला?"

मी म्हणालो, "मुलाचे वडीलही हेच म्हणतील."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधी घरी बोलतो, मग व्याह्यांशी. दोघे बरोबर गेले तर कुणाला कमीपणा नाही." मी त्यांना केंद्राची वेळ लिहून दिली. कागदाची घडी घालून त्यांनी ती टोपीत ठेवली.