एबीएस, ईएसपी आणि पावसाळी घाट

गाडीला एबीएस आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. ते कामाला लागले की पायाला काय जाणवते, हे मात्र थोड्यांनीच अनुभवलेले असते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या मोटारींच्या सुरक्षा चाचणीत तीन किंवा जास्त तारे हवे असतील, तर गाडीत ईएसपीही असावे लागते. ताम्हिणी, वरंध किंवा आंबोलीच्या घाटात भर पावसात या यंत्रणांचा खरा उपयोग व्हावा, म्हणून आपण पुढील क्रमाने तयारी करावी.

१. आपल्या गाडीत काय काय आहे ते आधी पाहावे. चाक लॉक होऊन घसरू न देणे, हे एबीएसचे काम. गाडी चालकाने वळवलेल्या दिशेऐवजी भलतीकडे जाऊ लागली, की एखाद्या चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला मार्गावर आणते ते ईएसपी. काही कंपन्या त्यालाच ईएससी म्हणतात. वेग देताना चाक जागच्या जागी फिरू लागले तर इंजिनचा जोर कमी करणारे ते ट्रॅक्शन कंट्रोल. चावी फिरवल्यावर या सर्वांचे दिवे काही क्षण लागून विझले पाहिजेत. दिवा लागलाच नाही, तर तीही तक्रार समजावी.

२. सीट पुढे-मागे करून नीट बसावे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर ऐनवेळी पूर्ण जोर लागत नाही. पायाशी पाण्याची बाटली ठेवू नये. ती घरंगळत पेडलखाली जाते.

३. आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे सराव. पाऊस पडून गेल्यावर एखादे मोकळे, सपाट आवार गाठावे. मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करून गाडी ताशी ४० किलोमीटरवर न्यावी आणि ब्रेक व क्लच एकदम, पूर्ण ताकदीने दाबावेत. पावलाखाली पेडल थरथरू लागेल, बॉनेटच्या बाजूने कडकड असा आवाज येईल. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग मोजत असतो; चाक थांबू पाहते आहे असे दिसताच यंत्रणा त्याचा ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावते, आणि हे सेकंदाला अनेकदा घडते. ती थरथर त्याचीच. अनेक जण इथेच घाबरून पाय काढतात. आपण काढू नये, गाडी थांबेपर्यंत तसाच दाबून ठेवावा. दुसऱ्या फेरीत ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग हलके वळवून पाहावे. गाडी वळते. लॉक झालेले चाक नुसते घसरत जाते, फिरते चाक वळते. एबीएसचा मोठा लाभ हाच आहे. जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना ब्रेक थांबून थांबून मारण्याची सवय असते. त्या गाड्यांसाठी ती योग्यच होती, पण एबीएसच्या गाडीत तिने थांबण्याचे अंतर वाढते.

४. प्रत्यक्ष प्रसंगी क्रम असा: दाबा, दाबून धरा, वळवा. नजर अडथळ्यावर न ठेवता जिथून निसटायचे त्या मोकळ्या जागेवर ठेवावी. सुट्या खडीवर एबीएस असूनही गाडी जास्त अंतर जाते, तेव्हा तिथे आधीच वेग कमी हवा. आणि ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचे हे अंतर कोणतीच यंत्रणा वाचवत नाही.

५. घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचाच रोध वापरावा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे पूर्णपणे टाळावे: ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, आणि इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. वळणावर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, तर ईएसपीने नुकतेच आपल्याला सावरले आहे. टायरची पकड संपत आल्याची ती सूचना समजून पुढच्या वळणाआधी वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

६. गाडी चिखलात रुतली तर ट्रॅक्शन कंट्रोल बटण दाबून बंद करावे. एरवी ते इंजिनचा जोर तोडत राहते आणि गाडी निघत नाही. रस्त्यावर येताच पुन्हा चालू करावे.

७. एबीएसचा पिवळा दिवा लागूनच राहिला, तर साधे ब्रेक सहसा चालतात, पण चाके लॉक होऊ शकतात. हळू चालवत गॅरेज गाठावे. ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण उतरला आहे का ते पाहावे. उतरला असूनही दिवा राहिला, तर गाडी बाजूला घेऊन मदत मागवावी. पुढे जाऊ नये, गाव दोन किलोमीटरवर असले तरी.

८. या सर्व यंत्रणा टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच वापरतात, नवी निर्माण करत नाहीत. कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. घाटातल्या पावसासाठी माझ्या मते ३ मिलिमीटरलाच टायर बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते आणि मग कमी तापमानालाच उकळते, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. ही दोन्ही कामे आपण मे महिन्यातच उरकून घ्या.