रचनाच तशी आहे?

तळोदा

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. नोकरीला वर्ष होत नाही तोच साहेबांनी तुझं कौतुक केलं, हे वाचून फार बरं वाटलं. पण त्यातलं एक वाक्य मला टोचत राहिलं. खेड्यापाड्यांतून तक्रार येते की तुमचं ॲप हळू चालतं, नोंद करताना अडकून बसतं. तुम्ही उत्तर पाठवता, 'बिघाड नाही, रचनाच तशी आहे', आणि तक्रार बंद करता. हे उत्तर तुझ्या हातून जाऊ नये, म्हणून लिहायला बसलो.

तू मणिबेलीचा. 'आराखड्यात तसंच आहे' हे तुझ्या आजोबांच्या पिढीनं पुष्कळ ऐकलं. सरदार सरोवर धरणाचं पाणी कुठवर चढणार याची रेघ कागदावर आखलेली होती, आणि महाराष्ट्रात त्या रेघेखाली पहिलं आलं ते तुमचं गाव. लोक हटेनात, तेव्हा धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. ती माणसं खोऱ्यात फिरली, लोकांशी बोलली. प्रकल्प आहे त्या स्थितीत सदोष आहे, विस्थापितांचं पुनर्वसन अशानं होणार नाही, असं त्यांनी 1992 मध्ये लिहून दिलं. मार्च 1993 मध्ये भारतानं बँकेचं उरलेलं कर्ज सोडलं. धरण थांबलं नाही, जुनं मणिबेली पाण्याखाली गेलं. तरी कुणीतरी जागेवर येऊन पाहिलं म्हणूनच कागदावरची चूक जगापुढे आली.

बुडितापुढे ॲपचा हळूपणा तो केवढा, असं म्हणशील. मान्य. पण ज्याला सोसावं लागतं त्यालाच नियम ऐकवायचा, ही रीत दोन्हीकडे एकच.

ऑगस्ट 2021 आठव. राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन तापायचे, अडकायचे. त्यांत पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप धड चालेना, आणि ॲपमध्ये मराठीही नव्हती. या बायका कामाला कंटाळणाऱ्या नव्हेत. तुमच्या शेजारच्या चिमलखेडीच्या ताई 2020 च्या टाळेबंदीत होडी वल्हवत पाड्यांवर बाळांची वजनं घ्यायला जात होत्या. अशा बाईला 'तुम्हाला वापरता येत नाही' असं सांगण्याआधी तिच्या हातातला फोन आपण हातात घ्यायला हवा.

रचना आभाळातून पडत नाही. दर बटणाला सर्व्हरची परवानगी मागायची, की नोंद आधी फोनमध्येच ठेवून रेंज आल्यावर पाठवायची, हे कुणीतरी ठरवतं. एका पाड्याची यादी हवी असताना सगळ्या तालुक्याची उतरवायची की नाही, फोटो आधी लहान करायचा की नाही, हेही. बहुतेक वेळा ते महागड्या फोनवर, कार्यालयातल्या वायफायवर बसून ठरतं. ठरवलेलं बदलता येतं.

जीटीए ऑनलाइन हा खेळ तुम्ही पोरं खेळता. तो सुरू व्हायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागत, आणि एवढ्या मोठ्या खेळाला वेळ लागायचाच, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले. 2021 मध्ये एका खेळाडूनं, मूळ कोड हाती नसताना, कारण हुडकलं. खेळातल्या विक्रीच्या वस्तूंची साधारण 10 एमबीची यादी वाचताना प्रत्येक घटकागणिक उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा पुन्हा मोजली जात होती. ती आणि त्याच यादीच्या हाताळणीतली आणखी एक चूक काढल्यावर वेळ सुमारे 70 टक्क्यांनी घटला. कंपनीनं चूक मान्य केली, दुरुस्ती घेतली आणि त्याला 10,000 डॉलर दिले. बाहेरच्या माणसाला जे सापडलं ते आत बसलेल्यांना सापडलं नसतं का? शोधायला कुणी बसलंच नव्हतं, असं मला वाटतं.

काही गोष्टी मुद्दाम हळू ठेवतात, हे खरं. चोराला झटपट अंदाज बांधता येऊ नयेत म्हणून पासवर्डची तपासणी संथ करतात. तिथं कारण सांग, लोक समजून घेतात. कारण सांगता येत नसेल, तर 'रचना' हा शब्द वापरू नकोस. 'आम्हाला अजून जमलेलं नाही' असं लिही. साहेब रागावले तर रागावू देत.

होळीला गावी येशील तेव्हा ते ॲप एका स्वस्त फोनवर घालून आण. मणिबेलीत बसून स्वतः एक नोंद भरून बघ. आणि निघण्याआधी, बंद केलेल्या त्या तक्रारी पुन्हा उघड.

तुझे,
गुरुजी