जेफ्री होल्डर : नर्तक, नट आणि चित्रकार

एक कला सोडून दुसरी धरणाऱ्या माणसाकडे आपण जरा संशयानेच पाहतो. 'धड ना हे, धड ना ते' असे त्याच्याविषयी सहज बोलले जाते. मुलगा आधी नाचला, मग नट झाला आणि पुढे चित्रे काढू लागला, तर तो शिकला तरी काय, असे पालक विचारतात. या प्रश्नाचा विचार करताना जेफ्री होल्डर या कलावंताचे आयुष्य पाहण्याजोगे आहे.

होल्डरचा जन्म 1930 मध्ये त्रिनिदाद बेटावरील पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. अशा मुलाचे वर्गात काय होते, हे शिक्षकास सांगावयास नको. तो उत्तर द्यावयास उभा राहतो, पहिल्याच अक्षरावर अडतो, मुले हसतात, आणि तास पुढे न्यावयाचा म्हणून प्रश्न शेजारच्या बाकावर जातो. होल्डरला मात्र शब्दावाचून बोलण्याची दोन साधने घरातच मिळाली. त्याचा थोरला भाऊ बॉस्को हा चित्रकार, नर्तक आणि पियानोवादक होता. त्याच्यापाशी जेफ्री रंग आणि पदन्यास दोन्ही शिकला, आणि सातव्या वर्षी भावाच्या नृत्यसंचात उभा राहिला. बॉस्को लंडनला गेल्यावर त्या संचाची धुरा त्यानेच उचलली.

1952 मध्ये सेंट टॉमस बेटावर ॲग्नेस डी मिल या अमेरिकन नृत्यरचनाकर्तीने त्याचे काम पाहिले व त्याला न्यूयॉर्कला बोलाविले. पण सगळ्या संचाच्या प्रवासखर्चाचे काय? होल्डरने आपली वीस चित्रे विकली आणि ते पैसे उभे केले. म्हणजे जगाने ज्याला पुढे नर्तक म्हणून ओळखले, त्याला रंगभूमीपर्यंत चित्रांनीच पोहोचविले होते! नर्तक, मग नट, मग चित्रकार हा क्रम आपण लावतो. त्याच्यापाशी या गोष्टी पहिल्यापासून एकत्रच नांदत होत्या. 1954 मध्ये तो ब्रॉडवेच्या रंगमंचावर आला, पुढे मेट्रोपोलिटन ऑपेरात प्रमुख नर्तक झाला, आणि त्याच सुमारास, 1956 मध्ये, त्याला चित्रकलेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली.

नट म्हणून त्याचा प्रवास मला अधिक विलक्षण वाटतो. 1957 मध्ये बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' नाटकात त्याने लकीची भूमिका केली. हे पात्र बराच वेळ मुके असते आणि मग एकदम न थांबता लांबलचक बोलत सुटते. बालपणी अडखळणाऱ्याच्या वाट्याला हीच भूमिका यावी! 1967 मध्ये 'अँड्रोक्लीज अँड द लायन' या दूरचित्रवाणीवरील संगीतिकेत तो सिंह झाला. 1973 च्या बाँडपटातील त्याचा बॅरन सामदी अनेकांनी पाहिला असेल. पण अमेरिकेच्या घराघरांत तो पोहोचला तो सेव्हन-अप या पेयाच्या जाहिरातींतून. साडेसहा फूट उंची, पांढरा पोशाख, आणि विहिरीतून यावा तसा खर्ज आवाज. जाहिरात ही काही थोर कला नव्हे. पण शब्द कसा उच्चारावा हे त्या काही क्षणांत ऐकण्यासारखे आहे.

1974 मध्ये हार्लेमच्या नृत्यसंस्थेसाठी त्याने 'दोगला' हे नृत्य बसविले. 1845 पासून त्रिनिदादला गिरमिटावर गेलेले भारतीय मजूर आणि तेथील आफ्रिकी वंशाचे लोक यांच्या संकरातून झालेल्या संततीस तेथे हे नाव आहे. आपल्याकडे ती शिवीच. होल्डरने तिच्यातून एक विवाहसोहळा उभा केला. पुढल्याच वर्षी 'द विझ' या संगीत नाटकाच्या दिग्दर्शनासाठी आणि वेशभूषेसाठी त्याला दोन टोनी पारितोषिके लाभली. वेशभूषा म्हणजे तरी काय, चालतीबोलती चित्रेच ती!

शरीराची लवचीकता वयाबरोबर ओसरते. नर्तकाला हे इतरांहून आधी कळते. होल्डरचा कुंचला मात्र उतारवयातही थांबला नाही. 2014 मध्ये, वयाच्या 84 व्या वर्षी, तो न्यूयॉर्क येथे निवर्तला.

त्याची आणखी एक कृती सांगावयाची राहिली. ॲल्विन एलीच्या नृत्यसंस्थेसाठी त्याने 'द प्रॉडिगल प्रिन्स' रचले. त्याचे नृत्य, संगीत व पोशाख सारे त्याचेच, आणि नायक हैतीचा चित्रकार हेक्टर इपोलित. हा इपोलित गरिबीमुळे कुंचल्याऐवजी कोंबडीच्या पिसांनी रंगवीत असे.