पुणतांब्याला उतरा: शिर्डीच्या वाटेवर दोन दिवसांची रेल्वे-भटकंती

१९१० साली गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे पुढचे हेमाडपंत, पहिल्यांदा शिर्डीला निघाले तेव्हा त्यांची गाडी चुकता चुकता राहिली. वांद्र्याहून लोकलने दादरला यायचं आणि तिथे मनमाडची मेल धरायची, असा त्यांचा बेत होता. लोकल सुटता सुटता एक मुसलमान गृहस्थ डब्यात आले, सामान पाहून कुठे निघालात म्हणून विचारलं आणि सांगितलं, दादरला उतरू नका, मेल तिथे थांबत नाही, सरळ बोरीबंदर गाठा. हेमाडपंतांनीच लिहिलेल्या साईसच्चरिताच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. भाविक त्यात साईबाबांची योजना पाहतात. मला त्यात आपल्यासारखा एक प्रवासीही दिसतो, ज्याला डब्यातल्या माहितगाराने वेळेवर सावध केलं.

त्या काळी शिर्डीला जायचं म्हणजे मनमाडला गाडी बदलायची, कोपरगावला उतरायचं, टांगा करायचा, गोदावरी ओलांडायची आणि पुढे पंधराएक किलोमीटर धूळ खात जायचं. शिर्डीला स्वतःचं स्टेशन मिळालं ते २००९मध्ये, पुणतांब्याहून सुमारे १७ किलोमीटरचा फाटा टाकला तेव्हा. हेमाडपंतांच्या त्या प्रवासानंतर तब्बल नव्याण्णव वर्षांनी. म्हणून रेल्वेची आवड असलेल्या माणसाने शिर्डीला जाऊन फक्त शिर्डीचं स्टेशन पाहून परतू नये. शंभर वर्षांची ये-जा ज्या स्टेशनांनी पाहिली ती मनमाड, अंकाई, कोपरगाव, पुणतांबे ही नावं वाटेवरच आहेत आणि एका शनिवार-रविवारात आरामात होतात.

आधी या लाईनची ओळख करून घेऊ, कारण ती कळली की खिडकीतून दिसणारं सगळं वेगळं दिसतं. मुंबईहून निघालेल्या दोन मोठ्या लाईनी कल्याणला फुटतात. एक थळ घाट चढून इगतपुरी-मनमाडमार्गे उत्तरेकडे जाते, दुसरी बोरघाट चढून पुणे-दौंडमार्गे दक्षिणेकडे. दोघी सह्याद्रीच्या माथ्यावर पोचल्या, पण एकीवरून दुसरीवर जायचं तर पुन्हा घाट उतरून कल्याण गाठायचं आणि दुसरा घाट चढायचा. १८७८ साली दौंड-मनमाड लाईन सुरू झाली आणि हे दोन्ही रस्ते घाटमाथ्यावरच जोडले गेले. आजही गोवा एक्स्प्रेस, कर्नाटक एक्स्प्रेस, झेलम या लांबच्या गाड्या याच लाईनने उत्तर-दक्षिण करतात. गाडी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या उसाच्या शेतांमधून शांतपणे चाललेली असते, पण तिने दोन घाट वाचवलेले असतात. मला या लाईनबद्दल जी माया आहे ती यामुळेच. तिच्यावर बोगदे नाहीत, कड्यावरचे पूल नाहीत, म्हणून कोणी फोटो काढायला येत नाही. पण नकाशावर बोट ठेवून पाहा, हा तुकडा काढला तर देशाच्या गाड्या किती लांबून फिरतील.

आता बेत. मुंबईकरांनी शनिवारी सकाळची वंदे भारत धरावी. ही गाडी १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झाली, सकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, दादरलाही थांबते आणि दुपारी बाराच्या आत साईनगर शिर्डीला पोचते. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर मनमाडपर्यंत साध्या गाडीने येऊन पुढे बदलता येईल, पण एकदा तरी वंदे भारतने जावं असं मी सुचवतो, ते कसाऱ्याच्या पुढच्या पंधरा किलोमीटरसाठी. कसारा ते इगतपुरी एवढ्या अंतरात गाडी जवळपास ३०० मीटर चढते. चढ १:३७चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इतर बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला बँकर लावावा लागतो, मागून रेटणारी जादा इंजिनं. वंदे भारतला इंजिनच नाही. सोळा डब्यांखाली मोटरी वाटलेल्या आहेत, निम्मे आस स्वतः जोर लावतात, त्यामुळे ती कसाऱ्याला न थांबता वर निघून जाते. हा फरक अंगाला कळतो.

पुणेकरांना महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची. रात्री बसायचं, दौंड-अहिल्यानगरवरून भल्या पहाटे कोपरगाव. वाटेत 'बेलापूर' अशी पाटी दिसली तर चमकू नका, ते श्रीरामपूर. स्टेशनाला नाव मिळालं ते काही अंतरावरच्या बेलापूर गावाचं, आणि शहर नंतर स्टेशनाभोवती वाढलं. नवखा माणूस तिकीट काढताना इथे हमखास गोंधळतो, ॲपमध्ये श्रीरामपूर शोधत बसतो, आणि नवी मुंबईचं बेलापूर दिसलं की आणखीच.

मुंबईहून येताना नाशिक रोड सुटलं की निफाड, लासलगाव. कांद्याच्या दिवसांत लासलगावच्या आसपास खिडकीतून वास येतो, अर्थात खिडकी उघडणारा डबा असेल तर. मग मनमाड. इथून दक्षिणेकडे वळलं की मोबाईल खिशात टाका. हडबीची शेंडी, म्हणजे आभाळाकडे अंगठा दाखवणारा तो सुळका, आणि पाठोपाठ अंकाई-टंकाईची जोडी दिसते. येवला, कोपरगाव, आणि कोपरगाव-पुणतांब्याच्या मध्ये गोदावरीचा पूल. पावसाळ्यानंतर महिनाभरात गेलात तर पात्र भरलेलं असतं, मार्चनंतर वाळू जास्त.

साईनगर शिर्डी हे शेवटचं स्टेशन, पुढे रूळ नाही. अशा स्टेशनावर तासभर बसायला मला फार आवडतं. डब्यांवरच्या पाट्या वाचत चालत जा: काकीनाडा, चेन्नई, म्हैसूर, कालका. एका छोट्या गावात एवढी गावं एकत्र येतात. २०२२च्या जूनमध्ये भारत गौरव योजनेतली देशातली पहिली गाडी कोइम्बतूरहून निघाली तीही इथेच आली. फलाटावर तेलुगू, तमिळ, कन्नड कानावर पडतं, मराठी शोधावी लागते.

आणि इंजिन सुटताना पाहा. गाडी थांबली, भाविक घाईने बाहेर पडले, गर्दी ओसरली की कामगार इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधल्या जागेत उतरतो. आधी ब्रेकच्या पाइपांचे कॉक फिरवतो, मग पाइप सोडवतो. अडकलेली हवा फस्सकन सुटते, शेजारची पोरं दचकतात. मग कपलिंगचा दांडा. तो बाजूला होऊन हात दाखवतो आणि इंजिन हातभर मागे दबून मग अलगद पुढे सरकतं. दोघांत वीतभर उजेड दिसतो. तो उजेड पाहायला मी थांबतो. पाच मिनिटांत ते शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जातं आणि आत्ताचा शेवटचा डबा पहिला होतो. वंदे भारतला हे काही नाही, चालक फक्त केबिन बदलतो, म्हणून दुसऱ्या गाडीची वेळ पाहून थांबा. हे फलाटावरूनच पाहायचं. रुळात उतरलात तर तो रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आरपीएफच्या जवानाने कॅमेरा पाहून हटकलं तर वाद घालू नका. तिकीट दाखवा, गाड्यांची आवड आहे म्हणून सांगा. बहुतेक वेळा तोच पुढची गाडी कुठल्या फलाटावर येईल ते सांगतो.

मंदिर स्टेशनापासून दोन-तीन किलोमीटरवर. शनिवारी दुपारी दर्शनाची रांग लांब असते, मी संध्याकाळ उतरल्यावर किंवा रविवारी पहाटे जातो. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या दिवसांत ही सहल आखूच नका, ना खोली मिळेल ना गाडीत जागा. मुक्काम शिर्डीतच करा.

शनिवारची उरलेली दुपार पुणतांब्याला द्या. गाडी जुळत असेल तर गाडीने, नाहीतर रस्त्याने जा. पुणतांबे गोदाकाठचं जुनं गाव. चांगदेवांची समाधी इथे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट इथे, आणि १ जून २०१७चा शेतकरी संप पेटला तोही याच गावातून. घाटावर तासभर बसा. मग स्टेशनावर या. जंक्शन म्हटल्यावर डोळ्यांसमोर मनमाडसारखा गजबजाट येतो, पुणतांबे तसं अजिबात नाही. चार बाकं, कडुलिंबाची सावली, आणि दर काही वेळाने न थांबता धडधडत जाणारी एखादी लांबची गाडी. ती येते तेव्हा स्टेशन मास्तर हिरवा बावटा घेऊन बाहेर येतात, गार्डच्या डब्यातूनही हिरवा बावटा दिसतो, आणि फलाटावरचा पाचोळा गाडीमागे धावून मग आडवा होतो. शिर्डीचा फाटा अजून एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी फाट्यावर असली की दुसरीला थांबावं लागतं. गावकरी त्याला 'क्रॉसिंग पडली' म्हणतात. आपल्यासारख्याला क्रॉसिंग पडली की बरंच.

एक सावधगिरी. मी एकदा घरातल्या जुन्या वेळापत्रकावर विसंबून इथे पॅसेंजरची वाट पाहत अंधार होईपर्यंत बसलो होतो. ती गाडी बंद झालेली होती. करोनानंतर पॅसेंजर गाड्यांचे क्रमांक, वेळा आणि थांबे पुष्कळ बदलले. छोट्या स्टेशनावर उतरण्याआधी परतीची गाडी त्या दिवशी खरोखर धावते आहे का ते ॲपवर पाहा, आणि उतरल्यावर स्टेशन मास्तरांना विचारा. त्यांच्या शब्दावर शंभर टक्के भरवसा ठेवावा.

तिकिटाचंही सांगतो. पाचशे किलोमीटरच्या आतल्या तिकिटावर मध्ये उतरून पुन्हा चढता येत नाही, म्हणून या सहलीत प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं. रेल्वेच्या रेलवन ॲपवर अनारक्षित तिकीट निघतं, फक्त जवळच्या टप्प्यांसाठी ते काढल्यापासून तीन तासांच्या आत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून सकाळीच दिवसभराची तिकिटं काढून ठेवू नका.

रविवारी सकाळी लवकरच कोपरगाव. बघण्यासारखं असं तिथे फारसं काही नाही, पण मी फलाटावर पाच मिनिटं तरी काढतोच. माझी आजी इथे उतरायची. हातात पितळी डबा, डब्यात दशम्या, आणि स्टेशनाबाहेर आल्या आल्या ती शिर्डीच्या दिशेला हात जोडायची, गाव दिसत नसलं तरी. बाहेर टांगे होते ते गेले, रिक्षा आल्या. हिवाळ्यात राहात्याचे पेरू टोपलीत मिळतात, ते घ्या, वर चढताना उपयोगी पडतात.

कारण पुढे अंकाई. स्टेशन किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, थांबणारी गाडी नसेल तर मनमाड-येवला रस्त्याने या. वाटेत टंकाईच्या पोटातली जैन लेणी लागतात, कोरीव खांब आणि दारं अजून शाबूत आहेत. लेण्यांवरून दोन्ही किल्ल्यांमधल्या खिंडीत यायचं आणि तिथून अंकाईच्या पायऱ्या घ्यायच्या. माथ्यावर अगस्ती ऋषींची गुहा आणि तळं. दोन्ही किल्ले करायचे तर तीन-साडेतीन तास धरा. माकडं धीट आहेत, पेरू पिशवीत खोल ठेवा. माणशी दोन लिटर पाणी न्या, तळ्याच्या पाण्यावर विसंबू नका, आणि अकराच्या आत खाली या, कातळ तापला की उतरताना हात टेकवत नाही.

पण मी तुम्हाला वर चढवतोय ते किल्ल्याइतकंच रुळांसाठी. मनमाडहून निघालेल्या दोन लाईनी इथल्या परिसरात वेगळ्या होतात: एक दौंडकडे, दुसरी नगरसूल-छत्रपती संभाजीनगरकडे. ही दुसरी निजामाच्या काळातली, मूळची मीटरगेज. माझ्या लहानपणी काचीगुड्याहून येणारी अजिंठा एक्स्प्रेस मीटरगेजवरच मनमाडपर्यंत यायची आणि मुंबईच्या माणसाला तिथे सामान उचलून मोठ्या गाडीकडे पळावं लागायचं. आज हैदराबादकडचे पुष्कळ साईभक्त नगरसूललाच उतरून जीपने शिर्डी गाठतात. माथ्यावर स्वच्छ हवा असेल तर खालून मालगाडी जाताना तिचे डबे मोजता येतात. मी दरवेळी मोजतो.

शेवटी मनमाड. हाताशी दोन तास ठेवा. लांबलचक फलाटांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना याच गावात आहे. आणि हे रेल्वे कामगारांचं गाव आहे हे विसरू नका: १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला त्या वेळच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद इथे भरली होती. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांना सांगितलं की त्यांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रूळ ठोकणारी, डबे जोडणारी, इंजिनात कोळसा टाकणारी माणसं तेव्हा समोर बसली होती.

परतीला नांदेडहून येणारी तपोवन संध्याकाळच्या सुमारास मनमाडला येते. रविवारी ती भरलेली असते, आरक्षण आधीच करून ठेवा. नाही मिळालं तर चिंता नको, मनमाडहून मुंबईकडे रात्रीपर्यंत गाड्या आहेत. इगतपुरीनंतर अंधार असेल. दिवे दिसणार नाहीत तिथे घाट सुरू झाला असं समजा आणि डब्याखालून येणारा ब्रेकचा आवाज ऐका. तो थेट कसाऱ्यापर्यंत सोबत असतो.